वाटीभर निरसं दूध

माझ्या धंद्यात ज्याला भीती वाटत नाही त्याच्या हातात सुरी देऊ नये, असं माझं मत आहे. धंदा कोणता, तर चीज निवडायचा. आमच्या मानोरा गावात हे सांगितलं की समोरचा माणूस जरा वेळ माझ्याकडे बघतो आणि विचारतो, "म्हंजे ते पिझ्झ्यावरचं, तार सुटते ते?" मी हो म्हणतो. माझं उभं आयुष्य त्या एका तारेत गुंडाळलं जातं, पण इलाज नाही.

पुण्यातल्या एका मोठ्या हॉटेलात मी भांडी घासायला लागलो आणि सुटलो तेव्हा चीजच्या कपाटाची किल्ली माझ्या कमरेला होती. मधलं सगळं सांगत बसत नाही. दिवाळी, नाताळ, वर्षअखेर, बड्या घरचा साखरपुडा, असं काही असलं की पाहुण्यांच्या ताटात कोणकोणतं चीज मांडायचं ते मी ठरवत असे. वाटतं तितकं ते सोपं नाही आणि लोक म्हणतात तितकं अवघडही नाही. एक मऊ घ्यायचं, एक कडक घ्यायचं, एक उग्र वासाचं, आणि एक असं की ज्याला यातलं काहीच कळत नाही त्यालाही आवडावं. ते शेवटचं सगळ्यात जास्त लागतं. कडक चीज बोटाच्या पेराने ठोकून बघायचं, आत पोकळी धरली असेल तर आवाज बदलतो. वास कापलेल्या बाजूचा घ्यायचा नाही, सालीचा घ्यायचा. सालीला मुतारीसारखा वास आला तर ते चीज म्हातारं झालं, त्याला मानाने निरोप द्यायचा. खायच्या आधी तासभर फ्रिजबाहेर काढून ठेवायचं, आणि खाताना सौम्याकडून उग्राकडे जायचं. झालं, एवढीच विद्या. बाकी सगळी भीती.

कारण चीज म्हणजे काय, तर आपण ठरवलेल्या वाटेने नासलेलं दूध. ते आपली वाट सोडून कधी दुसऱ्या वाटेने नासायला लागेल, याच्यावर डोळा ठेवायचा असतो. आणि ती दुसरी वाट नेहमी दिसते असं नाही. पुष्कळदा तिला वास नसतो, रंग नसतो.

गिऱ्हाइकं मात्र मजेदार भेटली. एक निवृत्त साहेब दर नाताळला घरच्या पार्टीसाठी सगळ्यात उग्र चीज न्यायचे. स्वतः तुकडाही खायचे नाहीत. एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाले, "पाहुणे वेळेवर उठतात." दुसऱ्या एक बाई होत्या. त्या प्रत्येक चीजचा तुकडा चाखून, डोळे मिटून, "अजून थोडं दाखवा" म्हणायच्या आणि पोट भरलं की लोणी घेऊन जायच्या. मला त्यांचा राग कधी आला नाही.

माझे गुरू म्हणजे आमचे मोठे शेफ, फर्नांडिस. फार कमी बोलायचे. एका समारंभात वेटरने एका पोटुशी बाईपुढे मऊ चीजची बशी ठेवली. शेफ भर हॉलमध्ये चालत गेले आणि तिच्यापुढची बशी उचलून घेऊन आले. नवऱ्याने आरडाओरडा केला, मॅनेजरने शेफना माफी मागायला लावली. त्यांनी मागितली. मागून आले आणि मला म्हणाले, "उद्या परत कोणी ठेवली तर परत उचलणार." मग त्यांनी मला समजावून सांगितलं. कच्च्या, न तापवलेल्या दुधाच्या मऊ चीजमध्ये कधीकधी असे जंतू राहतात की आईला नुसता ताप येतो, चार दिवसांत ती उठून कामाला लागते, आणि पोटातलं मूल मात्र हाती लागत नाही. ताप लगेच येतो असंही नाही. कधी कित्येक आठवड्यांनी येतो. तोपर्यंत आपण काय खाल्लं होतं ते ती विसरूनही गेलेली असते.

त्या दिवसापासून कोणत्याही समारंभात शिरलो की माझी नजर आधी बायकांच्या पोटाकडे जायची. हे ऐकायला वाईट वाटतं, मला ठाऊक आहे.

निवृत्तीनंतर मी मानोऱ्याला परत आलो, पनीर-दह्याचं छोटं दुकान टाकलं. वाटलं होतं, चीजचा आणि आपला संबंध संपला. पण आता आपल्याकडचीही पोरं देशोदेशी जातात, दिवाळीला येतात, आणि त्यांना ताट लागतं. मग मी पुण्याहून माल मागवतो. थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घालून तो ट्रॅव्हल्सने कारंज्यापर्यंत येतो, तिथून मोटरसायकलवर मी आणतो. असाच मागच्या दिवाळीत इंझोरीच्या बापूचा फोन आला.

बापू माझा शाळेतला मित्र. शेती मोठी, गोठा भरलेला, बायको पोर लहान असतानाच गेली. त्याची एकुलती एक शीतल, तिला सांभाळलं ते बापूच्या थोरल्या भावाच्या विधवा बायकोने, सुभद्रावहिनींनी. शीतल त्यांना मोठी आई म्हणते. वहिनींना स्वतःचं मूल नाही. दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा पोटातच संपलं, हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि त्यांच्यासमोर कोणी कधी काढत नसे.

"रामदास," बापू फोनवर म्हणाला, "यंदा पाडव्याले तुह्यावालं ताट पाहिजे. पोरगी बायतपनाले आली. सातवा लागला. पुन्याचे, तिच्या सासरचे पाव्हने बी येऊन राह्यले. डोहाळजेवन आन पाडवा एकाच दिवशी उरकून टाकू."

सातवा लागला म्हटल्यावर माझं ताट तिथेच ठरलं. सगळी कडक चीजं, जुनी, तापवलेल्या दुधाची. एक धुराचं, एक मिरीचं, एक पिवळंजर्द, ते काही न कळणाऱ्यांसाठी. मऊ एकही नाही.

पाडव्याच्या दोन दिवस आधी मी इंझोरीला जाऊन आलो. शीतल ओसरीत खुर्चीत बसली होती. दोन वर्षं ती परदेशात नोकरीला होती, तिला यातलं सगळं कळतं. "काका, ते मऊ असतं ना, सुरी लावली की आतून वाहतं, ते मला सारखं आठवतं. झोपेतसुद्धा," ती म्हणाली.

"बाई, ते तुले नाई भेटनार."

"माहीत आहे. डॉक्टरांनीपण नको सांगितलंय. मी नुसती आठवण काढली."

पण आठवण वहिनींनी ऐकली. त्या आतून पदराला हात पुसत आल्या. "काहून नाई भेटनार, भाऊजी? पोरीनं तोंडानं मांगतलं. डोहाळा मारला तं लेकराचा कान फुटते." आमच्याकडे असं मानतात, पोटुशीचं मागणं राहिलं तर बाळाचा कान वाहतो. मी त्यांना जंतूंचं सांगायला गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मंग घरच्या दुधाचं करा. आपल्या घरात काय जंतू असते काय?"

त्यात माझ्यातला कारागीर जागा झाला. म्हटलं, करून देतो. दूध स्वतः उकळायचं, त्याचं मऊ ताजं चीज करायचं, बुरशी-बिरशी काही नाही. शीतलला परदेशातलं ते मिळणार नाही, पण त्याच्या जवळचं काहीतरी मिळेल, आणि बाळाचा कानही वाचेल. शीतल हसली, म्हणाली, "उकळून असेल तर चालेल, काका. डॉक्टरांना विचारून ठेवते." तिने विचारलंही. डॉक्टर बाई हो म्हणाल्या.

आदल्या दिवशी मी वहिनींच्या स्वयंपाकघरात म्हशीचं दूध डोळ्यांसमोर उकळलं. एकदा वर आलं, खाली बसवलं, परत वर येऊ दिलं. वहिनी बाजूला उभ्या राहून बघत होत्या. "अजून किती उकळता? त्या दुधाचा जीव काढता काय?" त्या म्हणाल्या. मी म्हटलं, जीवच काढायचा आहे. मग कोमट झाल्यावर विरजण लावलं, रात्रभर ठेवलं, पहाटे उकळलेल्या कापडात बांधून टांगलं. पाणी गळून गेल्यावर मीठ आणि उकळलेल्या दुधाची साय घालून फेटलं, वाटीत दाबून बसवलं. वाटी उपडी केली की जसंच्या तसं उभं राहावं, इतकं घट्ट. चाखलं मात्र नाही. त्या घरात नवा जिन्नस आधी देवापुढे जातो, त्याच्याआधी जिभेला लागत नाही. माझ्या धंद्यात न चाखता ताट पुढे ठेवणं हा गुन्हा आहे, पण घर त्यांचं होतं. वाटी झाकून फ्रिजमध्ये ठेवली आणि मी मांडवाखाली कडक चीज कापायला गेलो.

दुपारी गर्दी झाली. पुण्याचे पाहुणे धुराच्या चीजपाशी घोटाळत होते, गावातली मंडळी पिवळ्यापाशी. कोणीतरी मिरीचं चीज भाकरीत घालून खाल्लं आणि त्याच्या मते तीच खरी पद्धत होती. मी खुश होतो. आत ओटी भरून झाली, गाणी झाली, देवाला नैवेद्य गेला. मग शीतलला पाटावर बसवून वहिनींनी स्वतः वाटीतलं चीज बशीत काढून तिच्यापुढे ठेवलं. मी दारात उभा राहिलो. आपल्या हातचं कोणी खाताना बघायचं सुख वेगळं असतं.

शीतलने पहिला चमचा खाल्ला, डोळे मिटले. दुसरा खाल्ला. "काका, किती मऊ झालंय," ती म्हणाली. तिसरा खाल्ला आणि माझी नजर बशीकडे गेली.

चीज उभं नव्हतं. पसरलं होतं आणि कडेला पांढुरकं पाणी सुटलं होतं. मी केलेल्या चीजला पाणी सुटणं शक्य नव्हतं. त्याच्यात नंतर काहीतरी ओतलं गेलं होतं.

मी वहिनींना बाजूला बोलावलं. आवाज साधा ठेवायचा प्रयत्न केला. "वयनी, त्या वाटीत काई टाकलं काय?"

त्यांचा चेहरा उजळला. "तुमाले समजलं काय, भाऊजी? म्या सकाळी वाटीभर निरसं दूध टाकलं. हातानं चांगलं फेसलं. तुमी तं उकळू उकळू त्याच्यात काई ठेवलंच नोतं. देवाले निरसंच लागते. आन पोरीच्या पोटात बी देवच हाय."

निरसं म्हणजे न तापवलेलं, धारोष्ण. आपल्याकडे अभिषेकाला, देवाला तेच चालतं, उकळलेलं चालत नाही. आजवर मी कितीतरी देवळांत ते हातावर घेऊन प्यायलो असेन. मी विचारलं, "कोन्त्या गायीचं?"

"काळीचं. काळीचं दूध पोटुशीले चांगलं."

मी शीतलपाशी गेलो. बशीत अजून अर्धं होतं. मी ती बशी उचलली आणि म्हटलं, "बाई, याले जरा ऊन लागलं, दुसरं आनतो." सगळे हसले. एक पाहुणी म्हणाली, खाऊ द्या ना तिला. मी बशी घेऊन मागच्या अंगणात गेलो आणि उकिरड्यात उलटी केली. मग गोठ्यात गेलो. गडी नामदेव चारा टाकत होता. काळीला काही झालं होतं का, विचारलं.

"काळी ना? पोळ्याच्या मांगंपुढं गाभडली नाई काय," तो म्हणाला. "आठव्या महिन्यात वासरू पडलं. मेलेलंच होतं."

ज्यांच्या घरी गुरं नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. गाय दिवस भरायच्या आधी गाभडली तर कारणं पुष्कळ असतात, पण एक कारण असं आहे की ते दुधातून माणसाकडे येतं. दुधाच्या धंद्यातला प्रत्येकजण ते कारण जाणून असतो आणि ते ओठांवर आणायला घाबरतो. मी तिथेच गोठ्याच्या उंबऱ्यावर बसलो. मांडवातून हसण्याचा आवाज येत होता. इतकी भीती मला आयुष्यात वाटली नव्हती. फर्नांडिस शेफनी मला ज्याच्यापासून जपायला शिकवलं, ते माझ्या नावाने केलेल्या वाटीतून त्या पोरीच्या पोटात गेलं होतं.

पाहुणे गेल्यावर मी बापूला आणि शीतलला मळ्याकडच्या खोलीत बोलावून सगळं सांगितलं. शीतलचा हात पोटावर गेला आणि तिथेच राहिला. तिने आधी एकच विचारलं, "किती वेळात कळतं, काका?" मी म्हटलं, लवकर कळत नाही, तेच वाईट आहे. बापू मात्र ताडकन उठला. "वयनीले आताच विचारतो. सारी हयात यायनं..." तो दाराकडे निघाला.

शीतलने त्याचा सदरा धरला. "बाबा, मोठ्या आईले कोनी काई बोलायचं नाई. तिची दोन गेली हायेत. माह्या बाळाले काई झालं आन ते तिच्या हातानं झालं असं तिले समजलं, तं ते जगन काय?" घरात एरवी शहरी बोलणारी पोरगी बोलता बोलता आपल्या भाषेवर आली होती आणि रडत होती. आम्ही दोघांनी मान डोलावली.

दुसऱ्याच दिवशी वाशिमला डॉक्टर बाईंकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकलं, रक्त घेतलं, बाळाचे ठोके ऐकवले. पोटातल्या बाळाला चालतील अशी औषधं सुरू केली. म्हणाल्या, आज रक्तात काही दिसलं नाही म्हणून निश्चिंत होऊ नका, पुन्हा तपासू. ताप आला, कंबर दुखली, बाळाची हालचाल कमी वाटली, तर वाट बघत बसू नका. काळीचंही रक्त जनावरांच्या डॉक्टरांनी नेलं. त्यात रोग निघाला. बापूने काळीला वेगळं बांधलं आणि वहिनींना सांगितलं की तिला पान्हाच फुटत नाही, औषध चालू आहे. त्यांनी बिचारीला गूळ नेऊन खाऊ घातला.

मग सुरू झालं वाट बघणं. त्याबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही, कारण काही घडत नव्हतं आणि तेच असह्य होतं. मी दर दोन-तीन दिवसांनी काहीतरी निमित्त काढून इंझोरीला जायचो. पनीर द्यायला, नाहीतर नुसतंच. गेलो की आधी शीतलच्या चेहऱ्याकडे बघायचो. ती मला दुरूनच मान हलवून सांगायची, ताप नाही. दुकानात फोन वाजला की आधी बापूचा तर नाही ना ते बघायचो. दुधाची किटली उघडली की हात थांबायचा. घरी बायकोने चहात दूध घातलं की मी विचारायचो, उकळलं का? ती म्हणायची, वेड लागलं काय तुमाले? ती म्हणत होती ते फारसं खोटं नव्हतं.

आणि या सगळ्यात वहिनी आनंदात होत्या. बाळंतविडा शिवत होत्या, डिंक कुटत होत्या, दिसेल त्याला सांगत होत्या की यंदा घर भरणार. मी गेलो की थट्टा करायच्या. "भाऊजी, तुमाले तं पोरीच्या बापापरीस जास्त काळजी. तुमी बायतीन व्हा न बाप्पा." आम्ही तिघं हसायचो.

मार्गशीर्षात एका दुपारी बापूचा फोन आला. "अंग तापलं तिचं," एवढंच बोलला. मी दुकान उघडं टाकून निघालो. बापू वाशिमकडे गाडी हाकत होता, मागे शीतल माझ्या बाजूला होती. तिने माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं बधिर झाली. सारखी विचारत होती, "काका, हललं का हो आत्ता? मला कळत नाही." मला काय कळणार? तरी मी म्हणत होतो, हललं, हललं. वहिनींना आम्ही सांगितलं होतं, नेहमीची तपासणी आहे. दवाखान्यात रक्त घेतलं, ठोके लावले. ते ठोके त्या यंत्रातून ऐकू येईपर्यंत बापू भिंतीकडे तोंड करून उभा होता.

ठोके नीट होते. रक्तात तो रोग निघाला नाही. साधा सर्दीताप होता, घरातल्या सगळ्यांना आलेला. तरी त्यानंतर भीती कमी झाली नाही, उलट तिला सवय लागली. ज्या दिवशी पोर जन्मली आणि रडली, त्या दिवशी मी दवाखान्याच्या मागे जाऊन एकटाच बसून राहिलो. मुलगी. वजन चांगलं, रंग चांगला, तपासण्या चांगल्या. डॉक्टर बाई म्हणाल्या, आता सोडा ते डोक्यातून.

मी सोडलंही. बारसं झालं, घुगऱ्या खाल्ल्या. आणि बारशाच्या मांडवातच मी ऐकलं. वहिनी बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या, भोवती गावातल्या बायका. एकीने विचारलं, पोर एवढी गुटगुटीत कशी? वहिनी म्हणाल्या, "निरशा दुधाचा गुन. पोरीले म्या सातव्यात खाऊ घातलं होतं, देवाचं निरसं दूध. आता नामदेवाच्या सुनेले बी सांगतलं, सकाळी उठल्या उठल्या वाटीभर पेत जाय. ते बी दोन हप्त्यापासून पेऊन राह्यली."

नामदेवची सून पोटुशी होती. बापूच्या गोठ्यातलंच दूध.

शीतलने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. आता लपवून चालणार नव्हतं. बाळ रडायला लागलं म्हणून त्याला घेऊन ती आत गेली. बायका पांगल्यावर मी वहिनींच्या समोर जमिनीवर बसलो. मला वाटतं, कुठल्याही साहेबासमोर, कुठल्याही मॅनेजरसमोर मला इतकी भीती वाटली नसेल. मी सगळं सांगितलं. काळी का गाभडली होती, त्या वाटीमुळे काय होऊ शकलं असतं, वाशिमच्या चकरा कशासाठी होत्या, तो ताप, ते ठोके. त्यांचे डोळे बाळाच्या रिकाम्या पाळण्याकडे होते.

मग म्हणाल्या, "पोरगी चांगली हाय ना आता?"

"एकदम चांगली, वयनी. डॉक्टरीनबाईनं सांगतलं."

"मंग तुमी सारे भेत होते. तीन महिने." त्यांनी पाळण्याची दोरी सारखी केली. "माही दोन गेली, तवा बी घरात सगळ्यायले ठाऊक होतं कायनं गेली ते. मलेच कोनी सांगतलं नाई. म्हने बाईले सोसनार नाई. मी तवा बी अशीच हासत फिरली, डिंक कुटत." त्यांनी पदर तोंडाला लावला. रडल्या नाहीत. "माह्या हातानं झालं याचं मले वाईट वाटते, भाऊजी. पन तुमी मले तीन महिने हासत ठेवलं, याचं त्याहून जास्त वाटते. सांगतलं असतं तं मी बी भेली असती तुमच्यासंगं. पोर माहीच हाय ना."

शीतलने भल्यासाठीच केलं होतं, आम्हीही. पण भल्यासाठी केलं असं त्यांना सांगणं मला जमलं नाही.

त्या उठल्या. पायात चपला घातल्या. बारशाची जरीची साडी तशीच, मांडवातून पाहुण्यांच्या मधून त्या सरळ नामदेवच्या घराकडे निघाल्या. मी मागे मागे. सून दारातच भांडी घासत होती. तिच्या सासूसमोर, शेजारणींसमोर वहिनी तिच्यापुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पोरी, ते दूध बंद कर. म्या चुकीचं सांगतलं. आपल्या काळीले रोग हाय, बाकीच्यायचं बी तपासाचं हाय. आता माह्यासंगं वाशिमले चाल. आपन दोघी जाऊ, आन डॉक्टरीन जे सांगन ते दोघी बी ऐकू."

सून घाबरून बघत राहिली. वहिनींनी तिचा ओला हात आपल्या हातात घेतला. "भेवाचंच हाय थोडं," त्या म्हणाल्या. "पन येकटीनं नाई भेवाचं."